महाविद्यालयबाह्य

जून-जुलै म्हणजे आमच्याकडे गुणगौरवाचा हंगाम. दहावी-बारावीचे निकाल लागतात, फ्लेक्स छापले जातात, ट्रॉफ्यांची ऑर्डर जाते. कार्यक्रमात तिलावत होते, पाहुण्यांचा सत्कार होतो आणि मग प्रत्येक वक्ता ‘इक्रा’ या शब्दापासून भाषण सुरू करतो. यंदा भोर तालुक्यातल्या अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. एक पाहुणे म्हणाले, “आपल्या कौमची मुलं आता कॉलेजात दिसू लागली आहेत.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाहेर आले तर मंडपवाल्याच्या टेम्पोत खुर्च्या चढवणारा एक मुलगा हातातलं काम थांबवून म्हणाला, “सलाम, मॅडम.” कामथडीचा. शाळेत माझ्याकडे मराठी शिकलेला. बारावी वाणिज्यला ७१ टक्के मिळवले म्हणून दोन वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात त्यानेही ट्रॉफी घेतली होती. पुण्यातल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेशही घेतला होता.

“कॉलेज काय म्हणतंय?” मी विचारलं.

“नाही जात आता.”

“सोडलंस?”

तो जरा थांबून म्हणाला, “सोडलं असं नाही, मॅडम. जाणं बंद झालं.”

“कॉलेजातून कुणी फोन केला नाही?”

“आला होता ना. राहिलेल्या फीसाठी.”

‘जाणं बंद झालं.’ मराठी शिकवून इतकी वर्षं झाली, पण या वाक्यातला कर्ता मला सापडत नाही. कुणी काढलं नाही, कुणी सोडलं नाही. राजीनामा नाही, दाखला नाही, भांडण नाही. एक मूल विद्यापीठाच्या पोटात गेलं आणि आतल्या आत नाहीसं झालं. आणि ज्या सभागृहात आम्ही ‘मुलं कॉलेजात दिसू लागली’ म्हणून टाळ्या वाजवत होतो, त्याच्या दाराशी ते खुर्च्या मोजत उभं होतं.

आम्हा शाळेच्या शिक्षकांना एक शब्द चांगला ठाऊक आहे : शाळाबाह्य. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल शाळेत असलंच पाहिजे असं ठरवलं. त्यामुळे आम्हाला यादी घेऊन वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, पालांवर पाठवलं जातं. सर्वेक्षणाच्या कामाला आम्ही कुरकुरतो, ती गोष्ट वेगळी. पण एक मूल पटावर आहे आणि वर्गात नाही, ही शाळेसाठी निदान कागदावर तरी उत्तर देण्याची बाब असते. आता सांगा, ‘महाविद्यालयबाह्य’ हा शब्द तुम्ही कुठे वाचलाय? मी नाही वाचला. शब्दच नाही, कारण त्या मुलाला शोधणं हे कुणाचं कामच नाही.

कॉलेजांचा दावा मात्र ऐका. ‘आमचा निकाल नव्वद टक्के.’ हे टक्के कशाचे? नॅकला कॉलेज उत्तीर्णतेचं जे प्रमाण देतं, ते शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले याचं. आता साधं गणित करू. समजा, पहिल्या वर्षाला १०० मुलं आली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत ६० पोहोचली आणि त्यातली ५४ पास झाली. निकाल लागला ९० टक्के. पेढे वाटले. पण आलेल्या शंभरातली पदवी घेऊन गेली ५४च. मधली ४० मुलं नापासांतही नाहीत. नापासाला निदान निकालपत्रात एक ओळ मिळते, यांना तीही नाही. उलट कच्ची मुलं जितकी लवकर गळतील, तितका कॉलेजचा निकाल चकचकीत होतो. गळती हा ज्या हिशोबात फायदा ठरतो, तो हिशोब बदलल्याशिवाय कुणी गळती थांबवेल, ही आशा भाबडी आहे.

असं मोजणं अवघड आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत ठरलेल्या मुदतीत किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हे विचारलंच जातं. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी नोंदणी क्रमांक मिळतो. प्रवेश, परीक्षा अर्ज, निकाल, सगळं संगणकावर आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं सांभाळणाऱ्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मनावर घेतलं, तर कोणत्या कॉलेजात किती आले आणि तीन वर्षांनी त्यातले किती उरले, हा तक्ता तयार करणं फारसं अवघड नाही. २०१४मध्ये आपण या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं. एकेका मुलीला शाळेत टिकवण्यासाठी जिने शेण-चिखल झेलला, तिच्या नावाच्या विद्यापीठात निघून गेलेल्या मुलीची चौकशी होऊ नये?

प्रवेशाचे आकडे किती फसवे असतात याचा एक दाखला. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१९-२०मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१मध्ये, कोरोनाच्या वर्षात, ते १९.२१ लाखांवर आले. एका वर्षात पावणेदोन लाखांहून जास्त घट. त्याच वर्षी अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांची संख्या वाढली होती. थोडी बोंब झाली, अग्रलेख आले. २०२१-२२मध्ये आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला आणि सगळे निश्चिंत झाले. पण जी मुलं मध्ये गळली, ती परत आली, की त्यांच्या रिकाम्या बाकांवर दुसरी बसली? आकडा हे सांगत नाही. बादलीला भोक आहे आणि आपण नळाची धार मोजतोय.

आता नेहमीचं उत्तर येईल : “मुलांनाच शिकायचं नसतं.” हे प्राध्यापक म्हणतात, आणि आपल्या जमातीतले चार कमावते लोक त्याहून जोरात म्हणतात. मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची अम्मी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “बाजी, फेल हो गया ना, फिर काय कू जाएगा?” तिचं चुकलं नाही. शाळेत नापास म्हणजे नापास, एवढंच तिला माहीत. एटीकेटी म्हणजे काय, राहिलेले विषय ठेवूनही पुढे जाता येतं, पुन्हा परीक्षेचा अर्ज भरता येतो, हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या घरात आधी कुणी पदवी घेतलेली नाही, तिथे पहिल्या सत्राचा निकाल हा शेवटचा निकाल ठरतो.

तो नापास का झाला, तेही विचारलं. एक विषय अकाउंट्सचा. बारावीला त्याचं पुस्तपालन चांगलं होतं. वही काढून एक उदाहरण घातलं. घसारा त्याला नीट काढता आला. कॉलेजात ‘डेप्रिसिएशन’ शिकवत होते तेव्हा मात्र तो हा काहीतरी नवीन धडा आहे असं समजून महिनाभर मागे बसून होता. ‘घसारा’ आणि ‘डेप्रिसिएशन’ एकच, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं हे होतं, तर उर्दू माध्यमातून आलेल्याला दोन पूल ओलांडावे लागतात, उर्दूतून मराठीचा आणि मराठीतून इंग्रजीचा. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून छातीठोकपणे सांगते : यातल्या कितीतरी मुलांना विषय येत असतो, शब्द अडतो. पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक विषयाची दोनशे शब्दांची द्विभाषिक यादी हातात दिली आणि ती वर्गात वापरली, तरी पहिल्या सत्राचं चित्र बदलेल. त्याला ना अनुदान लागतं, ना इमारत.

मग रस्ता. कामथडी पुणे-सातारा महामार्गावर आहे. नकाशावर पाहिलं तर पुणं हाकेच्या अंतरावर वाटतं. पण लांब पल्ल्याच्या गाड्या भरधाव निघून जातात आणि थांबणारी बस कात्रजच्या कोंडीत अडकते. साडेसातच्या तासाला बसायचं तर मुलाने पहाटे घर सोडायचं. हजेरी भरली नाही की नोटीस बोर्डावर नाव. मुलींचं तर विचारूच नका. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. उत्तम योजना. पण बारावी झाली की तीच मुलगी, त्याच थांब्यावर, पासाचे पैसे मोजते. सवलतीत मोजते, तरी मोजते. ज्या वयात घरात ‘आता पुरे’ ही कुजबुज सुरू होते, नेमकं त्याच वयात सरकार मोफत पास काढून घेतं. मोफत पास पदवीपर्यंत वाढवा, ही मागणी इतकी साधी आहे की ती मोर्चाशिवाय मान्य व्हायला हवी होती.

आणि कागद. तांबोळी, बागवान, मुलाणी ही आपली मुलं इतर मागास वर्गात येतात. पण जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा हवा, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. मग सवलत अडकते, शिष्यवृत्ती लटकते, कॉलेज पूर्ण फी मागतं. फी राहिली की परीक्षेचा अर्ज अडतो. अर्ज अडला की… जाणं बंद होतं.

हे एकट्या मुसलमानांचं रडगाणं नाही. राजगड (वेल्हे) तालुक्यातल्या महादेव कोळी घरात, भोरच्या कातकरी वाडीत, दोन एकरवाल्या मराठा घरात जाऊन विचारा. टेम्पो वेगळा असेल, वाक्य हेच ऐकू येईल. आपल्यावर वरून एक-दोन घाव जास्त बसले, एवढंच. २०१४मध्ये राज्याने मुस्लिमांना दिलेलं पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरतं उच्च न्यायालयानेही थांबवलं नव्हतं. तरी अध्यादेशाची मुदत सरली आणि ते गेलं. पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने बंद केली. या गोष्टींवर बोललंच पाहिजे. पण एक प्रश्न स्वतःलाही विचारू. आरक्षण दार उघडतं. आत गेलेलं मूल टिकावं यासाठी आपण काय मागितलं?

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर औषध काढलंय म्हणे. मध्येच बाहेर पडा आणि पुन्हा आत या. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षं केली तर पदविका. ऐकायला छान. पण यूजीसीच्या आराखड्याची अट वाचा. प्रमाणपत्रासाठी पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक पूर्ण हवेत आणि वर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रमही हवा. म्हणजे जो सगळ्या विषयांत पास आहे आणि ज्याला सुट्टीत मजुरीला जावं लागत नाही, त्याला सन्मानाने बाहेर पडता येईल! दोन विषय राहिलेला आमचा कामथडीचा मुलगा या दारातून बाहेर पडूच शकत नाही. तो खिडकीतून पडतो. आणि यापुढे त्याच्या पडण्यालाही ‘लवचिकता’ असं गोंडस नाव मिळेल, ही मला खरी भीती आहे.

उपाय नाहीत असंही नाही. आपल्याच मातीत होते. शाहू महाराजांना कळलं होतं की नुसती शाळा काढून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याला शहरात अंथरूण आणि ताट लागतं. म्हणून त्यांनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली. १९०६मध्ये कोल्हापुरात मुस्लिम शिक्षण संस्था निघाली, तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. याच महामार्गाने पुढे साताऱ्याला जा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ दाखवून दिलं. आज पुणे विद्यापीठाची याच नावाची योजना त्यांच्याच नावाने चालते. १९५५मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातल्या मुलांना राहण्या-जेवण्याची सोय दिली. या तिघांनी ‘मुलांनाच शिकायचं नसतं’ असं म्हटलं नाही. मूल कुठे अडतं ते पाहिलं आणि तिथे हात दिला.

परदेशातलं हवं असेल तर तेही आहे. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७मध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात काय होतं? प्रवासाचा मोफत पास, पुस्तकं, फीतला राहिलेला फरक, आणि वारंवार भेटून चौकशी करणारा एक हक्काचा माणूस. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तपासलं, तर दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पुरी करणारे एका गटात २२ टक्के आणि हा कार्यक्रम मिळालेल्या गटात ४० टक्के निघाले. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या लक्षात आलं की पास होत असलेली मुलं किरकोळ थकबाकीपायी पटावरून उडतायत. २०११पासून त्यांनी तेवढी रक्कम स्वतःच भरायला सुरुवात केली. बसचा पास, थोडी थकबाकी, एक विचारपूस. यातलं काय आपल्याला परवडणार नाही?

म्हणून विद्यापीठाकडे आणि कॉलेजांकडे मागणं स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी पदवी किती जणांनी घेतली, हा आकडा मुलगे-मुली आणि समाजगटांसह दरवर्षी जाहीर करा. प्रवेशाच्या माहितीपत्रकात, पहिल्या पानावर. सलग दहा दिवस न दिसलेल्या मुलाला फोन करा, आणि तो फोन फीच्या खिडकीतून नको, शिकवणाऱ्याचा हवा. नॅकसाठी ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून फायली रंगवता ना, मग त्या फायलीतल्या मुलांची नावं तरी त्या शिक्षकाला तोंडपाठ हवीत. कष्ट घेणारे प्राध्यापक मला ठाऊक आहेत. त्यातले कितीतरी तासिका तत्त्वावर राबतात, त्यांना स्वतःलाच उद्याची खात्री नाही. पदं भरा, ही मागणी मुलांच्या टिकण्याचीच मागणी आहे.

पण बोट फक्त तिकडे दाखवून मी थांबणार नाही. आपण काय करतो? बारावीला ट्रॉफी देतो आणि मुलाला विसरतो. ट्रॉफी महाग नसते, फोटो मोठा येतो. खरी गरज पडते ती जानेवारी-फेब्रुवारीत, पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर. तेव्हा ना मंडप असतो ना पाहुणे. रमजानमध्ये जकात निघते, गरीब विद्यार्थ्याला ती देता येते, हे आपण सगळे जाणतो. मग प्रत्येक जमातीने त्यातला एक हिस्सा राहिलेल्या विषयांचे परीक्षा अर्ज, एसटीचा पास आणि खानावळीचा डबा यांसाठी बाजूला का काढू नये? मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात. त्याखाली परीक्षा अर्जाची शेवटची तारीख लिहिली तर काही बिघडेल का? एखादी मुलगी एका विषयात राहिली की ‘बस झालं शिक्षण’ म्हणत स्थळं आणणारे तर आपलेच आप्त असतात. एक विषय राहिला म्हणून मुलाचा धंदा बंद करत नाहीत, मुलीचं शिक्षण मात्र बंद होतं.

“पदवीने कुठे नोकरी मिळते?” हा शेवटचा टोला. बरोबर आहे, पदवीची हमी नाही. पण राज्यसेवेचा अर्ज पदवीशिवाय भरता येत नाही, बँकेतल्या कारकुनाचाही नाही. माझ्यासारखं बी.एड. करून मास्तरीण व्हायचं म्हटलं तरी आधी पदवीच लागते. शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर रोज बदलणाऱ्या माणसांत उभं राहायचं, की निदान अर्ज करण्याच्या रांगेत, एवढीच निवड आहे. पण ती निवड मुलाने करावी, थकलेल्या बसने किंवा अडलेल्या अर्जाने नव्हे.

त्या मुलाला मी म्हटलं, “राहिलेल्या विषयांचा अर्ज भरू. तुझा नोंदणी क्रमांक शोधून ठेव.” शोधायला काय, त्याने तिथल्या तिथे धडाधड म्हणून दाखवला. पीआरएन म्हणजे कायमस्वरूपी नोंदणी क्रमांक. दीड वर्ष कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या मुलाला तो पाठ होता. विद्यापीठाकडेही तो असेलच. त्या क्रमांकामागचा मुलगा कुठे गेला, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

पुढच्या गुणगौरवाची तयारी करताना माझ्या वाचकांनी एक करावं. नवी यादी बनवण्याआधी दोन वर्षांपूर्वीची यादी काढा आणि एकेका नावाला फोन लावा. ‘जाणं बंद झालं’ असं किती जण म्हणतात ते लिहून घ्या, आणि तो आकडा स्टेजवरून वाचून दाखवा. त्यानंतर ज्यांना टाळ्या वाजवायच्या असतील त्यांनी वाजवाव्यात.